उंबराच्या कुंपणाला दार

माझी पहिली नोकरी एका लँडस्केप आर्किटेक्टकडे. ऑफिस कोथरूडला आणि काम सगळं हिंजवडीत, कारण तेव्हा तिकडे जिथे बघावं तिथे आयटी पार्क उगवत होता. आमच्या साईटवर काचेची मोठ्ठी बिल्डिंग होणार होती, आणि पार्किंगच्या कडेला, ओढ्यालगत, एक जुना उंबर होता. तो ठेवायचा असं ठरलेलं. ड्रॉइंगवर त्याच्याभोवतीचा हिरवा गोल मी स्वतः काढला होता! फांद्या पसरल्यात तिथवर कुंपण, आत कुणी जायचं नाही, काही ठेवायचं नाही. इतकं सोप्पं.

त्या उन्हाळ्यात उंबराच्या ढोलीत धनेश पक्ष्यांची जोडी आली आणि मला वेडच लागायचं बाकी राहिलं. कारण धनेशाची मादी काय करते माहितीये? ढोलीत जाते आणि आतून ढोलीचं तोंड लिंपून स्वतःला कोंडून घेते. एक चीर तेवढी ठेवते. नर बाहेरून फळं आणतो, त्या चिरेतून भरवतो, तिला आणि मग पिल्लांनाही. तो आला नाही तर आत सगळे उपाशी! मी ऑफिसात एकेकाला धरून हे सांगितलं. सर म्हणाले, "छान. ड्रेनेजचं ड्रॉइंग झालं का?"

पुढच्या वेळी साईटवर गेले तर कुंपण उभं होतं. पत्र्याचं, भक्कम. मी खूश! मग दिसलं की त्याला दार आहे. दाराला कडी, कडीला कुलूप. आणि आत मुळांवर सिमेंटच्या गोण्यांची थप्पी, डिझेलची पिंपं, धडधडणारा जनरेटर, साईट इंजिनिअरसाहेबांचं टेबल-खुर्ची. खोडात खिळा ठोकून त्यावर हेल्मेट अडकवलेलं. साहेब चहा पीत होते.

"साहेब, हे काय आहे?"

"कुंपण. तुमच्याच ड्रॉइंगप्रमाणे. टेप लावून बघा हवं तर."

"आत काय आहे ते विचारतेय मी!"

"अहो मॅडम, अख्ख्या साईटवर सावली एकच आणि कुलूप लागणारी जागा एकच. सिमेंट काय ओढ्यात ठेवू?"

"पण ही जागा झाडासाठी आहे!"

"आहे की झाड. हललंय का कुठे?"

मी सांगितलं, वजनाने माती दबते, मुळं गुदमरतात, डिझेल सांडलं तर संपलंच. ते मान डोलवत राहिले, लग्नात भटजींसमोर डोलवतात तशी. तेवढ्यात नर आला. चोचीत फळ. समोरच्या विजेच्या तारेवर बसला, खालचा जनरेटर, खालची माणसं बघितली आणि उडून गेला. थोड्या वेळाने परत आला, परत गेला. सरांना फोन केला. "साईटवाल्यांशी जरा गोड बोल गं," म्हणाले आणि ठेवला.

गोड! मी सरळ म्हणाले, "हे दार काढा. तिथे पत्रा मारून बंद करा."

"दार नाही? मग आत जायचं कसं?"

"जायचंच नाहीये!"

"मग बांधलं कशाला एवढं?"

शेजारी साईटचा मुकादम उभा होता, तो आपला मधेच, "मॅडम, दार हाय म्हनून तर कुत्री आत येत न्हाईत." दोघंही अगदी मनापासून बोलत होते हो, हेच तर डोक्यात जात होतं.

शेवटी मी आवाज खाली आणला. "साहेब, नकाशात हे झाड दाखवून मंजुरी घेतलीये. झाड वाळलं तर नकाशा परत जाईल. काम बंद. मंजुरीसाठी परत फेऱ्या कोण मारणार? मी नाही."

पहिल्यांदाच त्यांनी मान वर करून उंबराकडे बघितलं.

मग मीच गेटजवळची जागा दाखवली, वर हिरवी जाळी ताणायची, तीन बाजूंनी पत्रे. कुरकुर करत गोण्या हलल्या, पिंपं हलली, जनरेटर ढकलत नेला. खुर्ची सगळ्यात शेवटी निघाली. दाराच्या जागी पत्रा बसला, नटबोल्ट आवळले, आणि मी सगळ्यांना लांब, पार ओढ्यापलीकडे नेऊन उभं केलं. साहेब रुमालाने मान पुसत होते. "आमची सावली गेली ती गेली, वर आता शिक्षा म्हणून उन्हात उभे."

"शूऽऽ!"

नर आला. तारेवर बसला. मग फांदीवर. मग ढोलीशी, आणि आतून चिरेतून चोचीचं टोक बाहेर आलं! एक फळ. दुसरं. घशातून काढून काढून देत होता.

साहेबांनी रुमाल खिशात घातला. मग हळू आवाजात, "बाळंतीण कधी बाहेर येणार म्हणे?"

"अजून बरेच आठवडे."

"आठवडे!" त्यांनी कपाळावर हात मारला. मग फोन काढला आणि कुजबुजत ओरडले, "अरे, ती उद्याची सिमेंटची गाडी गेटपाशीच थांबव. आणि हॉर्न मारू नको म्हणावं त्याला!"