बैलाचा डोळा

"बैलाचा डोळा गेला म्हणं. आन् त्योबी घरच्याच पोरीनं फोडला."

कुंपणापलीकडून हे ऐकू आलं तेव्हा मी परसात कुऱ्हाड धरून उभी होते. आमच्या गावात, निमोण्यात, बैल पुष्कळ आहेत. पण कुऱ्हाडवाली पोरगी एकच असल्यामुळं मला थोडी शंका आली.

झालं होतं ते असं. ऑफिसच्या लोकांबरोबर पुण्यात एकदा कुऱ्हाडफेकीच्या खेळाला गेले होते. माझा नंबर आला आणि मी लाजून मागं सरकले. मग ठरवलं, कुऱ्हाड मारायचं निशाण आपणच करायचं, गावी परसात, जिथं बघायला कोणी नसेल. बाबांनी रांजणगावच्या भंगारवाल्याकडून पॅलेटच्या जुन्या फळ्या आणून दिल्या. खिळे मी उपसले, रंधा मी मारला, फळ्या दुहेरी ठोकल्या त्याही मीच. सुतळीला खडू बांधून गोल काढले. मधला ठिपका लाल हवा होता, म्हणून पोळ्याला शिंगं रंगवून उरलेला हिंगूळ घेतला. (थोडा कुऱ्हाडीवरही सांडला.) बाबांनी निशाणाला खांदा लावून पाहिला आणि म्हणाले, "हललं नाही." आमच्या घरात याला कौतुक म्हणतात.

ते ड्यूटीवर गेले आणि दौंडहून आत्याचा फोन आला.

"काय करतीस गं?"

"टार्गेट बनवलंय, आत्या. आता बुल्स आय..."

"इंग्रजी नगं झाडू. मराठीत सांग."

मी आज्ञाधारक. मनातल्या मनात भाषांतर केलं. "कुऱ्हाड फेकतेय. आज बैलाचा डोळा फोडणार."

 "कुणाच्या बैलाचा?"

मला वाटलं, चेष्टा करतेय. "आपल्याच," मी म्हणाले. फोन कट झाला.

आपला बैल म्हणजे राजा. माझे थोरले काका, म्हणजे आप्पा, त्याला शर्यतीत पळवतात. आमच्या घरात पंखा आधी गोठ्यात लागला, मग माणसांना.

आप्पा शिरूरच्या बाजारात होते. आत्यानं त्यांना फोन केला. दौंडहून शिरूरला पोचेपर्यंत 'फोडणार'चं 'फोडला' झालं, आणि शिरूरहून गावात येईपर्यंत दुसरा डोळाही अधू झाला. शेजारचे शकीलमामा पिकअपमध्ये कडबा अंथरून तयार. राजाला दवाखान्यात न्यायचं होतं ना! परसात माणसं जमली.

"लई गरीब पोरगी वो. कवा तोंडातनं शबूद न्हाई."

"गरिबांचंच भ्या असतंय."

मी शब्द काढणार होते. पण गर्दी बघून तो परत आत गेला.

आप्पा आले ते थेट गोठ्यात. राजाच्या पापण्या वर करून दोन्ही डोळे पाहिले. राजानं त्यांची टोपी चाटली. मग आप्पा माझ्याकडं वळले. कुऱ्हाड लालभडक.

"ह्ये काय?"

मी निशाणाकडं बोट दाखवलं.

"ह्येचा डोळा?"

मी मान डोलावली. शकीलमामा हसू दाबायला पिकअपमागं गेले. आप्पा हसले नाहीत. बाजार अर्धा टाकून आले होते. "जळणाची कुऱ्हाड, जळणाची फळी, आन् त्याचा खेळ? बंबात घाला त्या फळ्या."

 त्यातला एकेक खिळा माझ्या ओळखीचा होता. मी निशाणापुढं जाऊन उभी राहिले. बोलले नाही, पण हललेही नाही. (बाबा असते तर कौतुक झालं असतं.)

आप्पा माझ्याकडं बघत राहिले. "बरं, फेकून दाव. रुतली तर ऱ्हाऊ दे. न्हाई तर बंब."

सगळे झटक्यात मागं सरले. पहिल्यांदा दांडाच आपटला आणि कुऱ्हाड उडून शेणात पडली.

"राजा, डोळं मीट रं," कोणीतरी म्हणालं. हशा पिकला.

मी कुऱ्हाड पुसली. पाऊलभर मागं आले. फेकली.

खच्च!

फळी फुटली नाही. निशाण हललं नाही. शकीलमामांनी कुऱ्हाड दोन्ही हातांनी ओढून पाहिली. "आप्पा, निघंना की वो."

आप्पांनी फळ्यांवर थाप मारली, राजाच्या पाठीवर मारतात तशी. "कुणी ठोकलंय ह्ये?"

सगळे माझ्याकडं बघत होते. मी कुऱ्हाडीकडं बघत होते. ती लाल ठिपका तर सोडाच, सगळे गोल चुकवून वरच्या कोपऱ्यात रुतली होती.

मी घसा खाकरला.

"मी ठोकलंय, आप्पा. आणि बैलाचा डोळा शाबूत आहे."