आधी नमस्कार, मग धमकी

१८ जानेवारी. मी मंडईतून आणलेले मटार सोलत बसले होते आणि मांडीवर दादांचा फोन होता. तो वाजला की कापायचा, हे त्या दिवसापासूनचं माझं दुसरं काम. पुण्यात वसुलीवाल्यांना घाबरणारे पुष्कळ असतील. वसुलीवाल्यांना शिस्त लावू पाहणारा माणूस एकच आणि तो आमच्या घरात आहे. माझे थोरले दीर.

दादांनी स्वतःसाठी कधी वाटीभर साखरही उसनी आणली नाही. पण तरुणपणी एका मित्राच्या कर्जाला जामीन राहिले. मित्राचं बुधवार पेठेत रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. रेडिओ गेले, दुकान बसलं, पुढे मित्रही गेला. कर्ज तेवढं राहिलं. बँकेनं ते कुणाला विकलं, त्यानं आणखी कुणाला, आणि आता इतक्या वर्षांनी कुठल्याशा एजन्सीची माणसं दादांच्या मागे लागली आहेत. वकिलांनी बजावलं होतं, "एवढं जुनं कर्ज कोर्टात टिकत नाही. फक्त नव्यानं काही लिहून देऊ नका. दिलंत, की मेलेलं उठून बसेल."

पण आलेला फोन न उचलणं दादांच्या मते असंस्कृतपणा. समोरचा ओरडू लागला की हे शांतपणे म्हणत, "आधी नमस्कार म्हणा, मग धमकी द्या. घाई कसली? कर्ज जुनं आहे, नवीन तुम्ही आहात." एकानं येरवड्याच्या तुरुंगात टाकायची भाषा केली. दादा म्हणाले, "येतो की. पण इथून रिक्षावाले येरवड्याला येत नाहीत. तुम्ही गाडी पाठवा." पहिले काही दिवस मीही हसले. मग त्यांचं जेवण निम्म्यावर आलं. दाराची बेल वाजली, की ते आधी खिडकीतून खाली डोकावायला लागले.

१८ तारखेला मी मंडईत गेले आणि तेवढ्यात वसुलीवाल्यांपैकी एकजण घरीच आला. दादांनी त्याला चपला बाहेर काढायला लावल्या, पाणी दिलं. मी परतले तेव्हा तो जिना उतरत होता.

"काय दिलंत त्याला?"

"तो म्हणाला, तुमचा मित्र चोर होता. म्हणून लिहून दिलं."

"काय लिहून दिलं?"

"मित्र चोर नव्हता. त्याचं देणं ते माझं देणं, मी फेडीन. खाली सही केली."

"अहो दादा, वकिलांनी काय सांगितलं होतं?"

"वकील त्याला ओळखत नव्हते गं."

मी फोन काढून घेतला आणि मटार सोलायला बसले. वकिलांना कळवलं, तर ते "उद्या या" एवढंच म्हणाले. दादांची पेन्शन केवढी, हे मला ठाऊक आहे. त्यातून औषधं वजा जाता काय उरतं, तेही. संध्याकाळी त्यांनी ट्रान्झिस्टर लावला नाही. तो त्या मित्रानंच दुरुस्त केलेला. एकच स्टेशन लागतं, तेही खरखरत. रोज त्या खरखरीनं माझं डोकं उठतं. त्या दिवशी घर नको इतकं शांत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वकिलांकडे जायला निघाले, तर दारातच फोन वाजला. कापणार होते. पण दादा खुर्चीतून माझ्याकडे बघत होते. मी फोन उचलला. पलीकडचा ओरडायलाच लागला.

"आधी नमस्कार म्हणा," मी म्हटलं.