तुस्कानो बाईंचा तास

दुपारी ठाण्यातल्या खुर्चीत फौजदार हेमांगी घोलपची मान कलते, आणि पंख्याची घरघर लांब जाते.

दोन वर्षांपूर्वी प्रणिता नावाची नवी सून विहिरीत बुडाली. पाय घसरला, असं म्हणून तेव्हाच्या साहेबांनी प्रकरण मिटवलं. आता कोर्टाचा हुकूम आलाय : रीइन्व्हेस्टिगेट. हेमांगीला प्रश्न पडलाय, आता तिथे सापडणार काय?

समोर तुस्कानो बाई उभ्या आहेत. कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या. एका शब्दावर अख्खा तास घ्यायच्या आणि घंटा झाली तरी कुणी उठायचं नाही. बाई जाऊन वर्ष झालं, हे हेमांगीला आठवतं. पण विचारणं बरं दिसणार नाही.

"फोड बघू तो शब्द," बाई म्हणतात.

"री म्हणजे पुन्हा. इन्व्हेस्टिगेट म्हणजे तपास."

"तपास नंतर. आत वेस्टिजियम आहे. लॅटिन. बाबा चर्चमध्ये गायचे, त्यांच्याकडून शिकले मी. वेस्टिजियम म्हणजे पायाचा ठसा. ठशांमागून जायचं, म्हणजे आपल्या मराठीत माग काढणं."

ठाण्याची फरशी आता ओली वाळू झालीय. बाई साडी जराशी उचलून पुढे चालतात, आणि लाट त्यांची पावलं पुसत जाते. मरणानंतरही बाईंची चाल तशीच ताठ. हेमांगीला त्यांच्यामागे चालताना वर्गात पहिल्या बाकावर बसल्यासारखं वाटतं.

"बाई, दोन वर्षं झाली. ठसे कुठले राहतात?"

"पहिल्या साहेबांनी माग कुठून धरला?"

"विहिरीपासून."

"तिथे ती संपली. निघाली कुठून?"

हेमांगी थबकते. घरातून. त्या सकाळी त्या घरात काय झालं, हे कुणी विचारलंच नव्हतं. शेजारच्या बायकांचे जबाबसुद्धा घेतले नव्हते.

"बाई, तुम्ही असता तर..."

"मला ठशांचं कळतं गं, माणसांचं तुला." बाई हसतात. समुद्राऐवजी आता वर्गाची खिडकी आहे, आणि खिडकीत कुणी नाही.

"मॅडम, चहा," हवालदार म्हात्रे हाक मारतात.

ती दचकून सावरते. बुटात काहीतरी टोचतंय. बूट काढून ती उलटा करते, तर चिमूटभर वाळू फरशीवर पडते. ओली. आठवडाभर ती किनाऱ्याकडे फिरकलेली नाही.

वाळूकडे बघतच ती बूट चढवते.

"म्हात्रे, चहा राहू द्या. गाडी काढा."

"विहिरीवर?"

"नाही. तिच्या शेजारणीकडे."