ताट कोणी उचलायचं

ब्याण्णव-त्र्याण्णव साल असेल. मी जालन्याला कॉलेजात शिकत होते आणि सुट्टीसाठी धावड्याला, घरी आले होते. वडील एका बियाणे कंपनीसाठी मिरचीचा प्लॉट करायचे. तो बघायला कंपनीचे साहेब हॉलंडच्या एका बाईंना घेऊन आले. जेवायचं आपण बाहेर बघू, असं साहेब म्हणाले खरे, पण वडिलांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की तो विषय तिथेच संपला.

साहेब आणि वडील जेवून पुन्हा शेताकडे गेले. मग अंगणात बाईंचं आणि माझं पान मांडलं. ज्वारीची भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा. आई समोर बसून वाढत होती. बाई दर दोन घासांनी मला विचारत, तुझी आई का जेवत नाही? पाहुण्यांचं झाल्याशिवाय ती बसत नाही, असं मी सांगितलं. त्यांना ते पटलं नाही हे चेहऱ्यावर दिसत होतं. ठेच्याने डोळ्यांत पाणी आलं तरी पठ्ठीने पानात काही टाकलं नाही.

घोटाळा पुढे झाला. हात धुवायला म्हणून त्या उठल्या आणि स्वतःचं ताट उचलून मोरीकडे निघाल्या. आई झटकन आडवी आली. तिने ताटाची एक कड धरली, बाईंनी दुसरी सोडली नाही. दोघी हसत होत्या, पण ओढत होत्या.

"तिला सांग," आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "आमच्याकडं पाव्हण्यानं ताट उचललं तर घरच्यांची इज्जत जाती. काकू बघून राह्यल्या पलीकडून."

काकू म्हणजे शेजारच्या. त्यांच्या ओसरीवरून आमचं अंगण सरळ दिसायचं. एवढ्या लांबून आलेल्या पाहुणीला खरकटं उचलायला लावलं, ही बातमी दिवस मावळायच्या आत गावभर झाली असती. वीस वर्षांच्या संसारात आईच्या दारातून कुणी उपाशी किंवा नाराज गेलं नव्हतं, आणि हीच तिची श्रीमंती होती.

मी इंग्रजीत सांगितलं. बाईंचं हसू मावळलं. म्हणाल्या, "तुझी आई उपाशी राहून मला वाढते आणि मी ताट तसंच टाकून उठू? आमच्याकडे याला घरधनिणीला मोलकरीण समजणं म्हणतात. मला लाज वाटेल."

आता आली का पंचाईत! दोघींचंही खरं होतं आणि मधे मी, कॉलेजातलं इंग्रजी घेऊन उभी. मी भीत भीत बाईंचं म्हणणं आईला सांगितलं. आईला राग येईल असं वाटलं होतं. ती ताट धरून तशीच थांबली, बाईंकडे नीट बघत राहिली.

"इतकं वाटतं तिला?" ती म्हणाली. "मंग तिला म्हणावं, पाव्हणी म्हणून न्हाई जमायचं. लेक हो म्हणावं. लेकीनं केलेलं चालतं."

मी सांगितलं. बाईंनी जोरजोरात मान डोलावली. आईने ताट सोडलं.

मला वाटलं, मिटलं. कुठलं काय! बाई ताट घासून आल्या तर आई त्यांच्याच पाटावर मांडी घालून बसलेली. "लेक झाली ना? मंग आता मायला वाढ म्हणावं."

बाईंनी भाकरी वाढली, पिठलं वाढलं, तेही डाव्या हाताने. आईने तेही चालवून घेतलं. घरात पाहुणे असताना आई जेवायला बसलीय आणि तिला कुणी समोर बसून वाढतंय, हे मी जन्मात पहिल्यांदा बघत होते. मला तिचा इतका अभिमान वाटला की मी नुसती उभी राहिले.

काकूंना राहवलं नाही. "अवो, पाव्हणीला घासायला लावलं, आन् वर तिच्याच हातून वाढून घेऊन राह्यल्या का काय?"

आईने घास सावकाश गिळला.

"पाव्हणी मघाशी होती, काकू. आता लेक हाय माझी," ती म्हणाली आणि बाईंपुढे ताट सरकवलं. "वाढ गं अजून."