गावदेवीचा दिवा

आवणी उरकली, भातं पोटरीला आली, तरी मी पडवीतच बसून होते. अर्धवट दिवसांचं मूल गेलं, तेव्हापासून अंगावरून जाणं थांबलंच नव्हतं. बाहेरच्या बाईने चुलीला शिवायचं नाही, देवळाची पायरी चढायची नाही, ही आमच्या किन्हवलीकडची रीत. त्यात गावदेवीला दिवा लावायची पाळी त्या वर्षी आमच्या घरावर आली होती. सासूबाई रोज संध्याकाळी तेलाची वाटी घेऊन निघायच्या आणि मी त्यांच्या पाठीकडे बघत राहायची. मनातल्या मनात देवीशी भांडायची. मूल दे म्हणून तुझी ओटी भरली आणि तू मला दारातूनच हाकललंस, हा कुठला न्याय? घरातले म्हणत, विटाळच तो, जाईल आपोआप. विटाळाला औषध असतं हे कुणाच्या मनातही आलं नाही, माझ्यासुद्धा.

एका सकाळी मी उठता उठता कोसळले, तेव्हा कुठे माझ्या घरधन्यांनी गाडी जुंपली. आटगावहून रेल्वेने मुंबईच्या इस्पितळात न्यायचं ठरलं. वाटेत ओढ्याच्या चढावर बैल अडले, घरधनी खाली उतरून चाकाला खांदा लावू लागले, आणि इकडे रक्त थांबेना. आता संपलं असं मला वाटलं. तेवढ्यात पूजेचं ताट घेतलेली एक अनोळखी बाई वाटेने आली आणि सरळ गाडीत चढली.

"शिवू नको गो, मी बाहेरची हाय," मी म्हटलं.

तिने माझं डोकं मांडीवर घेतलं, पेंढा सरकवून पाय उंच केले. "देवी बी बाईच ना गो. तिला याचा विटाळ नाय," ती म्हणाली आणि ताटातलं कुंकू माझ्या कपाळाला लावलं. आटगावपर्यंत ती तशीच बसून आली. पुढे घरधन्यांनी वाटेवरच्या गावांत खूप विचारलं, पण तिची ओळख लागली नाही.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. गर्भाशयात रक्तवाहिन्या भलत्याच ठिकाणी एकमेकींना जुळल्या आहेत, बोटाला ठोका लागतो, खरवडलं तर जीव जाईल, पिशवीच काढावी लागेल, असं त्या म्हणाल्या. मी फार रडले. जीव गेला तरी चालेल, पिशवी ठेवा, असंही म्हणून बसले. मग ती मांडी आठवली. देवीला म्हटलं, तुझं तू बघ, आणि घरधन्यांना सांगितलं, करू द्या.

बरी होऊन परतले. माझं बाहेर बसणं कायमचं सुटलं, म्हणून गावाने दिवाही कायमचा माझ्याकडे दिला. पाळण्याची ओढ काही गेलेली नाही, जाईलसं वाटतही नाही. पण आमच्याकडे सव्वा महिन्याचं बाळ देवीच्या पायांवर घालतात, आणि दिवा लावणारी म्हणून त्याची आई ते आधी माझ्या हातात देते. क्षणभर ते माझ्या कुशीत असतं. मग ज्याचं त्याला म्हणत मी ते देवीपुढे ठेवते आणि रिकाम्या हातांनी दिव्यात तेल घालते.