आजारी रजेवर सत्कार

माझ्या भाचीचा सत्कार झाला त्या रविवारी तिला डाव्या कानाने काहीच ऐकू येत नव्हतं, उजव्याने अर्धंमुर्धं. नागरी सत्कारासाठी ही तशी आदर्श अवस्था. मला मात्र सगळी भाषणं दोन्ही कानांनी ऐकावी लागली.

भाची विमान चालवते. जळगावला आमच्या अक्काकडे, म्हणजे तिच्या आईकडे, ती आजारी रजेवर आली होती. सर्दी असताना विमान खाली आणताना हवेचा दाब कानात अडकला आणि कळ जबड्यापर्यंत गेली. तशाच अवस्थेत तिने विमान उतरवलं, आणि उतरल्यावर कंपनीला कळवलं की मी सध्या उडण्यास योग्य नाही. हे वैमानिकाने स्वतःहून कळवायचं असतं, नियमच आहे. जळगावच्या कानाच्या डॉक्टरांनी तपासून लिहून दिलं, की चालवणं सोडाच, विमानात बसायचंही नाही.

इथवर ठीक होतं. मग कॉलनीच्या मंडळाच्या अध्यक्षांना कळलं की ती गावात आहे.

आमच्याकडे नाव काढलेलं माणूस गावी येऊन शाल-नारळाशिवाय परत गेलं, तर तो गावाचा अपमान समजतात. अध्यक्षांचं कापडाचं दुकान असल्यामुळे शालीची अडचण कधी पडत नाही. अक्का त्यांना म्हणाली, "भाऊ, पोरीला बरं नाही हो."

"अक्का, तिला फक्त खुर्चीत बसायचंय. आजारी माणूस बसत नाही का?"

सत्कार ठरला. मी धुळ्याहून मुद्दाम आलो होतो, तेव्हा निवृत्त प्राध्यापक म्हणून मलाही व्यासपीठावर बसवलं. मागे फलक होता, 'गगनकन्येचा भव्य सत्कार'. निवेदकाने तिचं नाव पुकारलं. ती उठली नाही. पुन्हा पुकारलं. तरी ती समोर बघत शांत बसून राहिली. लोकांना तो विनय वाटला, टाळ्या पडल्या. शेवटी खाली बसलेल्या साउंडवाल्याने हात वर करून खूण केली, तेव्हा ती उठली. संध्याकाळपर्यंत फोटो सगळ्या ग्रुपांवर, सकाळी पेपरात.

मंगळवारी तिला कंपनीची नोटीस आली. सोबत तोच फोटो. शाल, नारळ, तिचं हसू आणि कडेला जांभई देणारा मी. मजकूर असा, की आजारी रजेवर असताना आपण सार्वजनिक समारंभात सहभागी झाल्याचे निदर्शनास आले आहे, तरी आपले आजारपण हा सामूहिक असहकाराचा भाग समजून आपल्याला सेवेतून कमी का करू नये?

मी नोटीस दोनदा वाचली.

तेव्हा तिने मला सांगितलं, की कंपनीने नवं वेळापत्रक आणलं होतं, दोन फेऱ्यांमधली विश्रांती कापली होती, आणि त्यानंतर बरेच वैमानिक एकाच आठवड्यात आजारी पडले. व्यवस्थापनाला त्यात संपाचा वास आला, आणि सगळ्यांनाच अशा नोटिसा गेल्या.

"काही जण रागानेही आजारी पडले असतील मामा, मी नाही म्हणत नाही," ती म्हणाली. "पण दमलेली माणसं एकदमच आजारी पडतात. त्याला कट करावा लागत नाही."

आणि मी विचारलं, "पण तुझं... खरंच ना?"

दिवसातून तीनदा अक्काला तिच्या कानात औषध घालताना मी बघत होतो. रात्रभर कण्हणं ऐकत होतो. छापील शब्दावर विश्वास ठेवू नका, हे मुलांना शिकवण्यात माझी सगळी नोकरी सरली, आणि कंपनीच्या शिक्क्याच्या एका कागदाने मला भाचीवर संशय घ्यायला लावला.

"मामा, मोठ्याने बोला. ऐकू नाही आलं."

मी पुन्हा विचारलं नाही.

दुपारी तिच्या साहेबांचा फोन आला. ऐकू येत नसल्याने तिने स्पीकर लावला. आवाज अतिशय सुसंस्कृत. मी एखादा मग्रूर माणूस ऐकायच्या तयारीने बसलो होतो, हा तर आमच्या प्राचार्यांसारखा बोलत होता.

"बेटा, ते कानाचं मला समजतं. एक गोळी घे आणि परवा ये. एकच फेरी कर. नोटिशीचं मी बघून घेतो."

"सर, हे मला लेखी पाठवा."

साहेब म्हणाले, "आपल्या माणसांत लेखी काय करायचंय?" आणि फोन बंद.

अक्का मेथी निवडत होती. तिचे हात थांबले. "म्हणजे याला माहीत शे, की तिचा कान खराब आहे." अहिराणी बोली तिच्या तोंडी फक्त घाबरल्यावर येते. "माहीत असून तो तिला लोकांना घेऊन वर जा म्हणतो?"

तासाभराने मेल आला, की गुरुवारी मुंबईत कंपनीच्या डॉक्टरांसमोर हजर व्हा. सोबत जळगावहून मुंबईचं विमानाचं तिकीट.

कार्यक्रमात तिला ऐकू येत नव्हतं, असं दोघातिघांनी लिहून दिलं तर बरं, म्हणून मी अध्यक्षांकडे गेलो. ते दुकानात थान उलगडत होते.

"सर, पेपरात 'गरुडझेप' छापून आलंय. आता गरुडाचा कान फुटलाय असं मी सहीनिशी लिहून देऊ? मंडळाची काय शोभा राहील?"

"तिची नोकरी जाईल, शेठ."

"देवाच्या कृपेने दुसरी मिळेल. चहा घेणार?"

चहा न घेता निघालो. साउंडवाले चाचा दुकानापुढे वायरी गुंडाळत होते. मी अर्धंच सांगितलं, तोवर त्यांनी पेन मागितलं. "दो बार नाव पुकारलं सर, बेटी उठली नाही. भोंगा तिच्यापासून पाच हातावर. मीच इशारा केला. लिहा, मी सही करतो." त्यांची एक आणि माझी एक, अशा दोन सह्या झाल्या.

गुरुवारी पहाटेच भाड्याच्या गाडीने निघालो. धुळ्यात चहा, मग महामार्ग. दुपारी मुंबईत कंपनीच्या डॉक्टरांनी तिच्या कानात नळी घालून बराच वेळ पाहिलं. चेहऱ्यावरून त्यांनाच रजेची गरज दिसत होती.

"पडद्यामागे रक्त साचलंय," ते म्हणाले, आणि सहा आठवडे उडायचं नाही असं लिहून कागद तिच्या हातात दिला. आमच्या दोन सह्या त्यांनी पाहिल्याही नाहीत, गरज नव्हती. नोकरी वाचली. मी निघायला उठलो.

ती उठली नाही. "सर, नोटिसा आलेले बाकीचे कधी येणार आहेत?"

"ते नाही येणार. काल-आज सगळे कामावर हजर झाले."

"तपासलं कोणी?"

"फिट असल्याचं त्यांनी स्वतः लिहून दिलंय."

"त्यातल्या एकाला ताप आहे. सोमवारी त्याला दोन वाक्यं धड मेसेजमध्ये लिहिता येत नव्हती."

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. "माझ्याकडे तो आलेला नाही."

बाहेर येऊन तिने त्या तापवाल्याचा नंबर लावला आणि फोन माझ्या कानाशी धरला. तिच्यासाठी ऐकायचं काम आता माझं होतं. मी सांगितलं, "बंद आहे."

तिने घड्याळ पाहिलं.

"म्हणजे वर आहे," ती म्हणाली.