थोरलीचा दुसरा गिअर

शालनच्या पत्राला अजून उत्तर गेलेलं नाही. पोस्टकार्ड आणून ठेवलं आहे. त्यावर ‘चि. शालन हिस अनेक आशीर्वाद’ एवढं सुबक अक्षरात लिहूनही झालं आहे, आणि खालची जागा कोरी आहे. साखरप्याच्या घराच्या पडवीत, आरामखुर्चीत, पोटावर ते कार्ड आणि कार्डाखाली ते पत्र ठेवून भार्गव खातू पडले आहेत. अंगणात आमसुलं वाळत घातली आहेत. त्यांचा आंबूस वास उन्हाबरोबर आत येतो आणि पापण्या जड होत जातात.

पत्र त्यांना पाठ आहे. शालन ही त्यांची भाची. थोरल्या बहिणीची, बायची, एकुलती एक मुलगी, घाटावर मलकापूरला दिलेली. ती लिहिते, ‘मामा, फोनवर तू नुसता हं हं करतोस, म्हणून पत्र. केतकीचं लग्न ठरलंय. तिला सख्खा मामा कुठून आणू? माझा मामा तोच तिचा मामा. नवरीला मांडवात तूच आणायचंस, आणि आईच्या गाडीतून आणायचंस. गाडी घाट चढून तू स्वतः चालवत आणलीस तरच आईची गाडी आली असं मी म्हणेन. चालवायला रज्जाक मिस्त्रीला पुढे करू नकोस. येतोस की नाही, एका ओळीत कळव.’

एका ओळीचंच तर अवघड आहे.

गाडी म्हणजे त्यांच्या वडिलांचा लांब नाकाचा जुना बेडफर्ड ट्रक. कपाळावर नाव ‘थोरली’. गावच्या वाचनालयातून निवृत्त झाल्यावर भार्गवभाऊंनी घरामागच्या मांगरातला पेंढा उपसला आणि खालून ही निघाली. तेव्हा बोनेटमध्ये कोंबडी अंड्यांवर बसली होती. पिल्लं बाहेर पडेपर्यंत ते थांबले आणि मग कामाला लागले. दात घासायच्या ब्रशानं कार्बोरेटर साफ केला. कोल्हापूरच्या भंगारबाजारातून काचा शोधल्या. किंजळीच्या फळ्यांचा नवा हौदा सुताराकडून बांधून घेतला, आणि मागच्या फाळक्यावर आपल्या हातानं कमळ काढलं, जरा कोबीसारखं दिसणारं. आता जुन्या गाड्यांचे शौकीन पुण्याहून फोटो काढायला येतात, आणि तेवढा वेळ भार्गवभाऊ विहिरीपाशी जाऊन उभे राहतात.

सगळं झालं. फक्त चढावर त्यांच्याकडून तिसऱ्याचा दुसरा गिअर पडत नाही. पोस्टाच्या चढावर गाडी दमते, ते दुसरा घालायला जातात, खर्रर्र असा दात विचकल्यासारखा आवाज होतो आणि गाडी मागे घसरायला लागते. चहाच्या टपरीवर बसलेला रज्जाक मिस्त्री हातातला ग्लास ठेवतो आणि म्हणतो, “भाऊ, तुम्ही गाडी नाय चालवत. लायब्ररी चालवताय.”

पोस्टाचा चढ जिथे जमत नाही, तिथे आंबा घाट कुठला जमायला?

हाच विचार करता करता डोळा लागतो. लागतो न लागतो तोच खुर्ची थरथरायला लागते.

भार्गवभाऊ खुर्चीच्या हातांना धरायला जातात, तर हातात स्टिअरिंग येतं. समोर थोरलीचं लांब हिरवं नाक आहे, काचेवर ऊन आहे, आणि शेजारच्या सीटवर बाय बसली आहे. नऊवारीचा काचा घट्ट मारलेला, मांडीवर सूप, सुपात तांदूळ. ती खडे वेचते आहे.

“समोर बघ,” ती म्हणते. “माझ्याकडे काय बघतोस? मी काय नवीन आहे?”

“बाय, तू तर...”

“गेले. मला माहीत नाही होय? तूच तर रडत होतास गड्यांच्या मागे लपून.” ती एक खडा खिडकीबाहेर टाकते. “हौदा बरा केलायस. कोबी कशाला काढलास मागे?”

“कमळ आहे ते.”

“असेल हो. लांबून असेल.”

भार्गवभाऊंना हसू येतं. बायशी बोलताना त्यांना कधी शब्द शोधावे लागले नाहीत, कारण बहुतेक शब्द तीच बोलायची. वडिलांचा हात मोडला, ड्रायव्हर गाडी सोडून गेला, तेव्हा पदर खोचून ही चढली होती स्टिअरिंगवर. खालून मीठ, सुके मासे न्यायची आणि वरून गूळ आणायची. लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून बघायचे. वडील घरी आले की विचारायचे, “थोरलीला पाणी दाखवलं का?” आणि बाय स्वयंपाकघरातून ओरडायची, “थोरली मी की ती, एकदाच काय ते सांगा!”

चढ लागतो. हा पोस्टाचाच चढ आहे, पण टपरीच्या जागी त्यांच्या आईची चूल पेटलेली आहे आणि रज्जाक तिच्यापाशी पाय शेकत बसला आहे. इंजिन दमून घुर्र घुर्र करायला लागतं. भार्गवभाऊ डॅशबोर्डवर चिकटवलेला कागद वाचतात. त्यावर त्यांनी पुस्तकातून उतरवून घेतलं आहे, क्लच दाबावा, गिअर सोडवावा, क्लच सोडावा, इंजिनास रेस द्यावी, पुन्हा क्लच दाबावा, खालचा गिअर घालावा. ते पुटपुटत एकेक पायरी करतात.

खर्रर्र.

“माफ कर,” ते म्हणतात.

“कोणाला म्हणालास?”

“हिला.”

“गिअरबॉक्सची माफी मागतोस?” बाय सूप हलवायची थांबते. मग हात लांब करून तो कागद डॅशबोर्डवरून सोलून काढते, सुपात टाकते, पाखडते, आणि खड्याबरोबर चिमटीत धरून खिडकीबाहेर सोडते. “यातला होता खडा.”

“बाय, त्यात सगळं बरोबर लिहिलंय.”

“बरोबरच आहे. करतोस कुठे तू सगळं? रेस कुठे दिलीस?”

“दिली की.”

“ती? मला वाटलं सुपात उंदीर हलला.”

रस्त्याच्या दोन्ही कडांना आता कपाटं आहेत. काचेची, कुलूप लावलेली, आतून वर्तमानपत्राचा कागद लावलेली. डांबराच्या जागी शहाबादी फरशी आली आहे. भार्गवभाऊ ओळखतात, हे वाचनालय. थोरली वाचन कक्षातून चढ चढते आहे. लोक टेबलांना कोपरं टेकून वाचत बसले आहेत आणि गाडी जवळ आली की नुसते पाय उचलून घेतात, केर काढताना घेतात तसे. समोरच्या भिंतीवर त्यांच्याच अक्षरातली पाटी आहे, शांतता राखावी.

“इथे दे रेस,” बाय म्हणते.

“इथे? वेडी आहेस का? लोक वाचतायत.”

“गाडी इथेच दमलीय. मग काय तुझ्या सुट्टीच्या दिवसापर्यंत थांबेल?”

भार्गवभाऊ क्लच दाबतात, गिअर सोडवतात. आता गाडी कुठल्याच गिअरमध्ये नाही. हीच ती जागा, मधली, मोकळी, जिथे ते दरवेळी कचरतात. पाय ॲक्सिलरेटरवर आहे, पण पायात काळे रबरी बूट आहेत आणि बुटांच्या आत पाय घाबरून आखडला आहे. आयुष्यभर त्यांनी लोकांना ओठांवर बोट ठेवून दाखवलं. खुर्ची सरकली तरी मान वर करून बघितलं. पुस्तक मिटताना आवाज होऊ नये म्हणून पानांत तळहात ठेवायची सवय त्यांना आहे. अजून पोस्टाच्या पेटीत पत्र टाकलं की कान लावून ऐकतात, आत पडलं का, आणि कोणी बघत तर नाही ना.

गाडी मागे सरकते.

ते आरशात बघतात. मागे कपाटं नाहीत. मागे शालनच्या दारातला मांडव आहे, आणि मांडवाच्या तोंडाशी केतकी पिवळी साडी नेसून, मुंडावळ्या बांधून उभी आहे. तिच्या शेजारी एक माणूस मावेल एवढी जागा मोकळी आहे. भटजी विचारतात, “मामा कुठे? मुलीचे मामा?” आणि सगळे त्या रिकाम्या जागेकडे बघतात. आरशातली केतकी लहान लहान होत जाते.

“बाय, ती लांब चाललीय!”

“ती उभी आहे. तू चाललायस लांब. बूट काढ.”

“काय?”

“बूट काढ मेल्या! बूट घालून कोणी हिला चालवतं? हिचं ऐकायचं असतं ते पायानं.”

बूट कसे निघतात ते कळत नाही. ते बायच्या सुपात दिसतात आणि ती त्यांनाही पाखडते. उघडा उजवा तळवा पेडलवर टेकतो. लोखंड गरम आहे, त्यावर आडव्या धारा आहेत, आणि धारांखाली काहीतरी जिवंत धडधडतं आहे. ते वाट बघतंय हे भार्गवभाऊंना तळव्यातून कळतं.

“गाडीला दोन क्लचच्या मधे ओरडायचं असतं भार्ग्या,” बाय म्हणते. या वेळी ती हळू बोलते. “तेवढी एक जागा तिची. ती तू खातोस.”

भार्गवभाऊ पाय दाबतात.

थोरली ओरडते. असली ओरडते की कपाटांच्या काचा खणखणतात, कुलपं नाचतात, आतली पुस्तकं एकमेकांच्या खांद्यांवर कलंडतात. ‘शांतता राखावी’ची पाटी खिळ्यावर गोल फिरून उलटी होते. त्या आवाजाच्या पोटातच ते पुन्हा क्लच दाबतात, हात मागे ओढतात, आणि कासारानं हात दाबून धरत बांगडी चढवावी तसा दुसरा गिअर आत जातो. खर्र नाही, काही नाही. जणू तो तिथेच होता.

पेपर वाचायला रोज येणारे एक म्हातारे गृहस्थ चष्मा वर करून म्हणतात, “हां! असं मोठ्यानं वाचा की. इतकी वर्षं काही ऐकू येत नव्हतं.”

“पुन्हा!” बाय ओरडते. ती सूप आपटून हसते आहे, तांदूळ केबिनभर उडतो आहे, अक्षतांसारखा.

आणि ते पुन्हा करतात. आता हा आंबा घाट आहे. एका हाताला दरी, एका हाताला ओला कातळ. वळण येतं, तिसरा सोडवतात, थोरली ओरडते, दुसरा पडतो. पुढचं वळण येतं, पुन्हा ओरडते. दरीतून तिचाच आवाज परत येतो आणि वाटतं, खालून आणखी एक थोरली चढते आहे. भार्गवभाऊसुद्धा ओरडतात. काय ओरडतात ते त्यांनाही कळत नाही. गळा नुसता मोकळा होतो.

माथ्यावर गार वारा लागतो. बाय दाराची कडी काढते.

“मी इथवर.”

“मलकापूर तर पुढे आहे.”

“पुढे शालन आहे. मला कशाला?”

भार्गवभाऊ स्टिअरिंग सोडत नाहीत. मनात कधीपासून अडलेलं तोंडावर येतं. “बाय, मी शोभेन का गं? सगळ्यांच्या समोर, मामा म्हणून?”

बाय खाली उतरते, फूटबोर्डवरचे तांदळाचे दाणे पदरानं झाडते. “मामाला शोभायचं नसतं रे. नवरी शोभते. मामानं मागे उभं राहायचं असतं. ते तुला जमतंय की जन्मभर.” मग ती मागे जाऊन फाळक्याकडे निरखून बघते आणि तिथूनच ओरडते, “जवळूनही कोबीच आहे!”

तिच्या हसण्याचा आवाज अंगणातल्या कावळ्यांचा होतो. कोणीतरी आमसुलांवरून त्यांना हाकलतं. खुर्ची थरथरायची थांबते.

भार्गवभाऊ पडवीत जागे होतात. ऊन अजून अंगणातच आहे. पत्र पोटावर आहे, कार्ड जमिनीवर पडलं आहे. ते उचलायला उतरतात, तर उजवा तळवा हुळहुळतो. खुर्चीत परत बसून ते पाय मांडीवर घेतात आणि चष्मा लावतात.

तळव्यावर आडव्या धारा उमटल्या आहेत. लाल, ठसठशीत, एकीखाली एक. पेडलवर आहेत तशा. थोरलीच्या पेडलला त्यांचा उघडा पाय आजवर कधी लागलेला नाही. बूट भिंतीशी जोडीनं ठेवलेले आहेत, सकाळी ठेवले तसेच.

ते बराच वेळ तळव्यावरून बोट फिरवत राहतात. मग पेन घेतात. ‘आशीर्वाद’च्या खाली उत्तर लिहितात. लिहिताना हात थांबत नाही, आणि अक्षर नेहमीपेक्षा मोठं येतं.

मांगराचं दार उघडून ते अनवाणीच चढतात. थोरली खोकते, थुंकते, सुरू होते. बाजारातून ते वर वळतात आणि पोस्टाचा चढ लागतो. टपरीवर रज्जाक ग्लास बाकावर ठेवून तयारच बसला आहे, आज कितव्या फुटावर घसरते ते बघायला. पण त्याला काही बघायला मिळायच्या आधीच गाडी ओरडते. पोस्टाचे पत्रे हादरतात, वडावरचे बगळे उठतात, आणि रज्जाक बाकावरून ताडकन उभा राहतो. तरुणपणी त्यानं या चढावर हा आवाज रोज ऐकलेला आहे.

“या अल्ला,” तो म्हणतो, “बाय आली की काय?”

दुसरा गिअर पडतो आणि थोरली चढ चढून वर येते.

भार्गवभाऊ लाल पेटीला लागून गाडी उभी करतात. इंजिन बंद करत नाहीत. खाली उतरतात, तापलेल्या मातीवर अनवाणी, आणि कार्ड एकदा वाचून बघतात, ‘येतो. मीच चालवत आणतो. घाटात असेन तेव्हा तुला मलकापुरात ऐकू येईल.’

ते कार्ड पेटीच्या फटीत सरकवतात आणि सवयीनं कान लावतात. मागे थोरली एवढ्या जोरात धडधडते आहे की आत कार्ड पडल्याचा आवाज काही येत नाही. भार्गवभाऊ कान काढून घेतात आणि हसत गाडीकडे वळतात.